सव्वीस तास सत्तावन्न मिनिटं : मंगळयानाची अडलेली रात्र वर्गात खेळताना

११ नोव्हेंबर २०१३, पहाटेचे २ वाजून ६ मिनिटं. मंगळयान अजून पृथ्वीभोवतीच फिरत होतं. कक्षा लांबट, आणि त्या घटकेला यान जमिनीच्या अगदी जवळून, जेमतेम अडीचशे किलोमीटरवरून चाललेलं. इंजिन चौथ्यांदा पेटवून वेग सेकंदाला १३० मीटरने वाढवायचा होता. वाढला ३५ मीटरने. कक्षेचं दूरचं टोक लाखभर किलोमीटरवर जायला हवं होतं, ते ७८,२७६ किमीवर अडलं.

दहावी-अकरावीच्या वर्गाने ही एक रात्र पाच तासिकांत खेळायची, एवढंच हे प्रकरण आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'गुरुत्वाकर्षण' पहिला धडा आहे आणि 'अवकाश मोहिमा' दहावा. मधल्या आठ धड्यांत पहिल्याचा दहाव्याशी असलेला संबंध मुलं विसरून गेलेली असतात. हा खेळ ते दोन धडे एका टेबलावर आणतो.

मोहिमेत याहून मोठे क्षण होते. ५ नोव्हेंबर २०१३ चं उड्डाण होतं, २४ सप्टेंबर २०१४ ला यान मंगळाच्या कक्षेत शिरलं तो क्षण होता. ते टाळायचं कारण साधं आहे. तिथे मुलांना टाळ्या वाजवण्यापलीकडे काम नाही. गोष्टीतून भौतिकशास्त्र शिकवण्याचे बहुतेक प्रयोग इथेच फसतात. राक्षस गुहेच्या दारात उभा राहतो, 'बलाची व्याख्या सांग' म्हणतो, मुलगा सांगतो, दार उघडतं. राक्षस काढून टाकला तरी काही बिघडत नाही, कारण ती वेश बदललेली तोंडी परीक्षाच असते. ११ नोव्हेंबरला मात्र निर्णय घ्यावा लागतो आणि तो आकडेमोड केल्याशिवाय घेताच येत नाही.

घडलं काय

यानाचं मुख्य द्रव इंजिन ४४० न्यूटनचं. म्हणजे साधारण ४५ किलो वजन पेलेल इतका जोर, नववीतलं एखादं पोर उचलण्याइतका. त्याने १,३३७ किलोचं यान ढकलायचं. सुरुवातीचं त्वरण सेकंदाला सेकंदाला ०.३३ मीटर. एवढ्या किरकोळ जोरावर नुसती पृथ्वीभोवतीची कक्षा वाढवण्याचाच सगळा वेग एका दमात द्यायचा म्हटलं तर इंजिन चाळीसेक मिनिटं जळावं लागेल, आणि तेवढ्यात यान हजारो किलोमीटर दूर निघून जाईल. म्हणून ज्वलनाचे तुकडे केले. दर वेळी यान पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूशी, म्हणजे उपभूशी आलं की थोडा धक्का द्यायचा. दूरचा बिंदू, म्हणजे अपभू, दर धक्क्याला आणखी लांब जातो.

चौथ्या ज्वलनाच्या वेळी इस्रो राखीव यंत्रणाही तपासून पाहत होती. इंधनाचा प्रवाह सोडणाऱ्या झडपेला दोन विद्युत गुंडाळ्या होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींत एकदम वीज सोडली आणि इंजिनाकडे जाणारं इंधन थांबलं. यानातल्या तर्कप्रणालीने आपणहून काम छोट्या, दिशा सांभाळणाऱ्या थ्रस्टरांकडे सोपवलं, पण त्यांचा जोर अपुरा. म्हणून १३० च्या जागी ३५. गुंडाळ्या खराब झालेल्या नव्हत्या. दोन्ही एकाच वेळी चालवायच्या नाहीत, एकामागून एक चालवायच्या, एवढा धडा मिळाला.

दुसरीकडे कॅलेंडर डोक्यावर होतं. मंगळाकडे निघण्याची वेळ १ डिसेंबरच्या पहाटेची. ती हुकली असती तर पृथ्वी आणि मंगळ पुन्हा तशाच जागी यायला सुमारे २६ महिने लागले असते.

पहिली तासिका : कर्बल

एक बरा लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा खेळ लागतो. मेक्सिकोतल्या स्क्वॉड या कंपनीने तो २०११ मध्ये लोकांसमोर आणला. त्यातला कर्बिन ग्रह फक्त ६०० किमी त्रिज्येचा आहे, पण पृष्ठभागावरचं गुरुत्व त्वरण ९.८१ च ठेवलंय. त्यामुळे कक्षेतला वेग कमी लागतो (८० किमी उंचीवर सेकंदाला सुमारे २,२८० मीटर) आणि मुलांना उत्तर मिनिटांत दिसतं.

रॉकेट बांधण्यात आणि उडवण्यात तासिका घालवू नये. मुलांना तेच हवं असतं, हे खरं. पण तिसऱ्यांदा स्फोट झाला की घंटा होते आणि कक्षेपर्यंत कुणी पोचतच नाही. ऑल्ट आणि एफ१२ एकदम दाबलं की चाचणीचा तक्ता उघडतो. त्यात यान थेट कक्षेत ठेवता येतं. अर्ध-दीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा अर्धा) ११,४०,००० मीटर आणि विकेंद्रता (कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा) ०.४०३५ भरली की ८० गुणिले १,००० किमीची कक्षा तयार.

मग दोनच कामं. उपभूशी प्रवासाच्या दिशेने सेकंदाला २५६ मीटर वेग वाढवायचा, तर अपभू १,००० वरून ३,००० किमीवर जातो. खेळ आधीच्या जतन केलेल्या जागेवर परत आणायचा आणि तेवढाच वेग आता अपभूशी वाढवायचा. या वेळी अपभू जागचा हलत नाही, उपभू मात्र ८० वरून ६९० किमीच्या आसपास चढतो. वर्गात इथे हमखास गोंगाट होतो, कारण धक्का दिला एकीकडे आणि कक्षा बदलली पलीकडच्या टोकाला.

उरलेल्या दहा मिनिटांत इंजिनाची जोर-मर्यादा १०० वरून ५ टक्क्यांवर आणून पहिलंच काम पुन्हा करायला सांगावं. ज्वलन लांबतं, यान उपभूपासून सरकत जातं आणि ३,००० गाठायला २५६ पुरत नाहीत. इंजिन उशिरा सुरू केलेलं असेल तर उपभूही वर चढलेला दिसतो. इस्रोने ज्वलनाचे तुकडे का केले, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी तासिका : दोरा आणि दोन टाचण्या

पडद्यावरची कक्षा मुलं बघतात, पण तिचा आकार हाताला लागत नाही. म्हणून जमिनीवर कागद पसरून कक्षा खऱ्या प्रमाणात काढायची. १ सेंमी म्हणजे १,००० किमी. पृथ्वी १२.८ सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती. एक टाचणी चकतीच्या केंद्रात, दुसरी ७१.४ सेंमीवर. दोन्हींभोवती १५६ सेंमीचा दोऱ्याचा वेढा घालून पेन्सिल ताणत फिरवली की तिसऱ्या ज्वलनानंतरची, अपभू सुमारे ७१,६०० किमी असलेली कक्षा उमटते. या मांडणीत वेढ्याची लांबी काढणं सोपं आहे : अपभूचं पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर गुणिले दोन. टाचण्यांमधलं अंतर म्हणजे केंद्रापासून अपभूचं अंतर वजा केंद्रापासून उपभूचं अंतर.

सुतळी वापरू नये. ती ताणते, आणि वेढ्यात एक सेंमीचा फरक पडला की अपभू ५०० किमीने चुकतो. शिवणकामाचा जाड दोरा चांगला. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चकती लंबवर्तुळाच्या मधोमध ठेवणं. केप्लरचा पहिला नियम तोंडपाठ असलेली मुलंही हे करतात.

कक्षा पूर्ण झाली की उपभूपाशी वाकून बघायला लावावं. चकतीची कड आणि पेन्सिलीची रेघ यांत फट असते अडीच मिलिमीटर. यान एवढ्या जवळून जातं. पलीकडचं टोक पाऊण मीटरच्या आसपास लांब, पार बाकाखाली गेलेलं असतं. पुढच्या दोन तासिका हा कागद जमिनीवरच राहू द्यावा.

याच तासिकेत सूत्र द्यायचं. दहावीला सिद्धता नको. अकरावीला ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून काढून दाखवता येतं.

वेगाचा वर्ग = ३,९८,६०० × (२ ÷ केंद्रापासूनचं अंतर − १ ÷ अर्ध-दीर्घ अक्ष)

अंतरं किलोमीटरमध्ये, वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये. अर्ध-दीर्घ अक्ष म्हणजे उपभू आणि अपभू यांच्या केंद्रापासूनच्या अंतरांची सरासरी. उपभू २५० किमी धरला तर ७१,६०० च्या कक्षेत तिथला वेग येतो १०.५२९.

तिसरी आणि चौथी तासिका : रात्र

जोड तासिका लागते. मध्ये मधली सुट्टी आली तर रात्र मोडते. सहा जणांचा एक नियंत्रण कक्ष : वेग मोजणारे दोघं, घड्याळ सांभाळणारा एक, इंजिनाची चिठ्ठी ज्याच्या हाती तो एक, नोंदी ठेवणारा एक आणि संचालक. वेग मोजणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या वहीत बघायचं नाही. दोन्ही उत्तरं जुळली तरच संचालकाने सही करायची. संचालकाच्या हाती गणकयंत्र द्यायचं नाही. दिलं तर हुशार पोर सगळं एकटंच करतं आणि बाकीचे पाच प्रेक्षक होतात.

खिडक्यांना पडदे, टेबलावर दिवा, भिंतीवर घड्याळ २:०६ वर लावलेलं. संगीत नको. प्रत्येक टेबलावर पाच बंद पाकिटं. नियम एकच आणि तो मोडू द्यायचा नाही : आपला अंदाज आकड्यात लिहून त्याखाली सही झाल्याशिवाय पुढचं पाकीट उघडायचं नाही.

पहिल्या पाकिटात आधीची कक्षा आणि १३० मीटरचं लक्ष्य. अपभू कुठे जाईल? सूत्राने सुमारे १,०६,५०० येतं.

दुसऱ्या पाकिटात दोनच ओळी. इंजिनाकडचं इंधन थांबलं आहे. छोटे थ्रस्टर चालू आहेत. यानंतर दीड मिनिट कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. ही शांतता दुसऱ्या कशानेही भरू नये. 'यान कोसळतंय!' असं ओरडून शिक्षकाने रंग भरायला जाऊ नये, कारण ते खोटं आहे. वेग वाढलाच आहे, कमी झालेला नाही. यान कोसळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि हे मुलांनी स्वतःच लिहायला हवं.

तिसऱ्यात : एकूण वाढ ३५ मीटर. अपभू सांगा. सूत्राने ७८,८०० च्या आसपास येतं, इस्रोने नोंदवलेला आकडा ७८,२७६. मुलं फरकाबद्दल विचारतील. यानाने ३५ मीटर एका क्षणात, एका बिंदूवर घेतलेले नाहीत, आणि आपण उपभू ठोकळमानाने २५० धरलाय. एवढं उत्तर पुरे.

चौथं पाकीट म्हणजे खरा खेळ. चार पर्याय : आत्ताच पुन्हा इंजिन पेटवा, अपभूशी पेटवा, पुढच्या उपभूपर्यंत थांबा, मोहीम थांबवा. बारा मिनिटांत संचालकाने एक निवडायचा आणि बाकीचे तीन का नाहीत ते आकड्यांनी लिहून द्यायचं.

"सर, थांबायचं कशाला? लगेच पेटवू ना!" हे पहिलं वाक्य असतं, जवळजवळ प्रत्येक टेबलावर. त्यावर वाद घालू नये. जमिनीवरच्या कागदाकडे बोट दाखवून, गुंडाळ्या तपासून पुन्हा तयार व्हायला तासभर लागेल असं धरा म्हणावं. एका तासाने यान कुठे असेल? त्या उंचीचा आकडा (सुमारे १५,२०० किमी) चिठ्ठीवर द्यावा, तो काढणं शाळेच्या गणितापलीकडचं आहे. वेग त्यांनी काढायचा. येतो ५.३. तासाभरापूर्वी तो साडेदहा होता. तेवढंच इंधन जाळून मिळणारी ऊर्जा निम्म्यावर आली.

अपभूचा पर्याय आणखी बोलका आहे. ७१,६०० च्या कक्षेत अपभूशी वेग असतो ०.८९. तिथे १३० मीटर वाढवले तर अपभू तसाच राहून उपभू २५० वरून साधारण २,५५० किमीवर जातो. दर किलोमागे मिळालेली ऊर्जा ०.१२ मेगाजूल. उपभूशी त्याच १३० मीटरचे १.३८ मेगाजूल मिळतात, अकरापट. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते हे वाक्य नववीपासून पाठ असतं. पण वेगात असताना दिलेला धक्का जास्त ऊर्जा देतो, हा त्याचा अर्थ बहुतेकांना पहिल्यांदा इथे लागतो.

मग थांबायचं. पण किती वेळ? केप्लरचा तिसरा नियम. अर्ध-दीर्घ अक्ष ४५,६४१ किमी. त्याच्या घनाला ३,९८,६०० ने भागायचं, वर्गमूळ घ्यायचं, ६.२८३२ ने गुणायचं. ९७,०३८ सेकंद, म्हणजे २६ तास ५७ मिनिटं. घड्याळवाला पहाटे २:०६ मध्ये ते मिळवतो : १२ नोव्हेंबर, पहाटे ५:०३.

हिशोब चालू असताना शिक्षकाने वार्ताहर होऊन टेबलांवरून फिरावं. "यान हरवलं म्हणतात, खरं का?" संचालकाने एका वाक्यात मराठीत उत्तर द्यायचं, 'प्रोग्रेड' (प्रवासाच्या दिशेने) वगैरे शब्द न वापरता. ज्याला कळलंय त्याला ते जमतं, न कळलेला इंग्रजी शब्दांमागे लपतो.

पाचवं पाकीट सगळ्यांनी एकदम उघडायचं. त्यात इस्रोची नोंद : १२ नोव्हेंबर, ५ वाजून ३ मिनिटं ५० सेकंद, ज्वलन ३०३.८ सेकंद, वेगवाढ १२४.९ मीटर, अपभू १,१८,६४२ किमी. ज्या टेबलावर ५:०३ लिहिलेलं असतं तिथे काय होतं ते बघण्यासारखं असतं. एक गोष्ट शिक्षकाने मनात ठेवावी : मिनिटाचा इतका चोख मेळ थोडा नशिबाचाही आहे. ज्वलन उपभूच्या थोडं आधी सुरू होतं, पृथ्वी पूर्ण गोल नाही, चंद्राची ओढ असते. एखाद्या टेबलाचं उत्तर पाच-दहा मिनिटांनी हुकलं तरी ते बरोबरच धरावं.

चुका कुठे होतात

सगळ्यांत मोठी चूक त्रिज्येची. बातम्यांतले आकडे जमिनीपासूनच्या उंचीचे, सूत्रातलं अंतर केंद्रापासूनचं. ६,३७८ मिळवायचे राहिले की उपभूचा वेग येतो ५६. हा आकडा शिक्षकाने लक्षात ठेवावा. वहीत ५६ दिसला की काहीच न सांगता चकतीच्या केंद्रातल्या टाचणीवर बोट ठेवावं. बहुतेक वेळा शेजारचंच पोर ओरडतं, "अरे, त्रिज्या मिळव की!"

दुसरी चूक दशांश स्थळांची आणि ती गोष्टीतल्या कुठल्याही संकटापेक्षा घातक. वेग चार दशांश स्थळांपर्यंत ठेवायचा. प्रयोगवहीत दोन स्थळांची सवय लागलेली मुलं इथे रडकुंडीला येतात.

तिसरी चूक पकडणं अवघड, कारण तिचं उत्तर बरोबर येतं. काही जण सूत्राला हात न लावता त्रैराशिक मांडतात : १३० मीटरला २८,४०० किमी (७१,६०० पासून लाखाच्या लक्ष्यापर्यंत), तर ३५ ला किती? उत्तर ७,६५०, अपभू ७९,२५०. इस्रोच्या आकड्याच्या इतकं जवळ की शाबासकी द्यावीशी वाटते. देऊ नये, आणि तिथे खोडूनही काढू नये. तो हिशोब जपून ठेवायला सांगावा. पाचव्या तासिकेत लागतो.

गोष्टीच्या बाजूनेही एक गफलत होते. दुसऱ्या पाकिटानंतर मुलं गुन्हेगार शोधू लागतात : दोन्ही गुंडाळ्या चालू करायला कुणी सांगितलं? रंगत वाढते म्हणून शिक्षकही वाहवत जातात. ही माणसं खरी आहेत, आणि राखीव यंत्रणा अंतराळात पारखून घेणं हे त्यांचं कामच होतं. पृथ्वीभोवती असताना पारखली म्हणून दोष इथे कळला, मंगळाशी नाही. हा मुद्दा दोन मिनिटांत मांडून पुढे जावं.

कर्बलची मर्यादाही सांगून टाकावी. तो खेळ एका वेळी एकाच ग्रहाची ओढ मोजतो. मंगळयानाला चंद्रही ओढत होता.

पाचवी तासिका

दिवे चालू, पडदे उघडे, गट मोडलेले. प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा एकच प्रश्न. कक्षेचा अपभू १,१८,६४२ किमी, उपभूचा वेग १०.६८७५. १६ नोव्हेंबरला उपभूशी १०१.५ मीटर वाढले. अपभू कुठे गेला?

त्रैराशिकवाले आदल्या ज्वलनावरून दर काढतात, मीटरला सुमारे ३२० किमी, आणि लिहितात १,५१,०००. वेग १०.७ आणि वाढ ०.१ धरणाऱ्यांचं उत्तर २,०६,००० च्या पुढे जातं. चार स्थळं जपणाऱ्यांचं १,९२,७०० च्या आसपास येतं. मुक्तिवेग जवळ येतो तसा प्रत्येक मीटर जास्त लांब फेकतो. पहिल्या ज्वलनात दर मीटरला ३८ किमी मिळाले होते, या ज्वलनात सातशेच्या वर. हे फळ्यावर लिहायच्या आधी त्रैराशिकवाल्यांकडून त्यांचा जपून ठेवलेला हिशोब मागून घ्यावा. तो तिथे का चालला आणि इथे का नाही, हे त्यांनाच विचारावं. जमिनीवरच्या कागदावर नव्या कक्षेसाठी जवळजवळ चार मीटरचा वेढा लागतो. दोरा धरायला दोघांना पाठवलं की टोक बाकांच्या रांगेपलीकडे जातं.

मग पाकीट : १,९२,८७४.